पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच: संगणकाच्या पेटीत काय काय असतं

चवथीला फ्लॅट बंद करून सगळे गावच्या घरी गेलेले असतात. आठ दिवसांनी परत येऊन दार उघडलं की कोंदट वास, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशीची पांढरी साय. संगणकाचं बटण दाबलं तर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी ती काळीच. जाताना तर चांगला चालत होता. दुकानात नेल्यावर कधीकधी एका वाक्यात निकाल लागतो: 'मदरबोर्ड गेला.' घरचे लोक मान डोलावतात, कारण मदरबोर्ड म्हणजे काय आणि तो गेला हे कशावरून ओळखायचं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

अशा वेळी मदरबोर्ड बहुधा शाबूत असतो. गोव्याच्या दमट, किनाऱ्याजवळ खारट असलेल्या हवेत आधी बिघडतात ते जोड: पट्टी जिथे खाचेत बसते, वायर जिथे टोचली जाते, प्लग जिथे सॉकेटात शिरतो. चिप सहसा नंतर मरते. म्हणून पेटीतले भाग ओळखताना प्रत्येक भाग काय करतो आणि तो दुसऱ्याला कुठे जोडलेला आहे, हे दोन्ही बघायचं. निम्मा उलगडा तिथेच होतो.

एक गैरसमज आधी दूर करू. टेबलाखालच्या पेटीला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात. ती पेटी म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, पेटीतल्या पंख्याखाली दडलेली साधारण चार सेंटिमीटरची चौकोनी चिप. दुकानदाराला 'सीपीयू बिघडला' म्हणालात तर तुम्ही पेटीबद्दल बोलताय की चिपबद्दल, हे त्याला कळत नाही. चिपची किंमत सांगितली गेली तर तुम्हालाही कळत नाही.

आता वीज पेटीत शिरते तिथून सुरुवात करू. कॅबिनेटच्या मागे जाड काळी वायर जिथे बसते तो पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. भिंतीतून २३० व्होल्टची एसी वीज येते, आतल्या भागांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी. हा बदल तो डबा करतो. त्यातून निघणाऱ्या वायरींपैकी २४ पिनांचा रुंद कनेक्टर मदरबोर्डला जातो आणि ४ किंवा ८ पिनांचा छोटा कनेक्टर खास प्रोसेसरसाठी असतो. हा छोटा कनेक्टर साफसफाईनंतर परत लावायचा राहून जातो. मग पंखे फिरतात, स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, दिवा नाही की पंखा नाही, तर संशय आधी भिंतीच्या सॉकेटवर, मग वायरवर, मग एसएमपीएसवर. पुष्कळ मदरबोर्डांवर एक छोटा दिवा असतो. संगणक बंद असतानाही तो लागलेला दिसतो, कारण एसएमपीएस ५ व्होल्टचा एक धागा कायम चालू ठेवतो. तो दिवा लागत असेल तर वीज निदान बोर्डापर्यंत पोचते आहे. मात्र एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरांमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांमध्ये) तीनशेच्या आसपास व्होल्ट काही काळ साठून राहू शकतात. हा भाग दुरुस्त करत बसायचा नाही, अख्खा बदलायचा. आणि बदलताना निव्वळ वॉटचा आकडा पाहून सर्वांत स्वस्त घेऊ नका. साधा घरगुती संगणक काम करताना शंभर-सव्वाशे वॉटही ओढत नाही, पण हलका एसएमपीएस जळताना मदरबोर्डालाही बरोबर नेऊ शकतो.

मदरबोर्ड ही पेटीतली सर्वांत मोठी पाटी. बाकीचे सगळे भाग तिच्यावर बसतात आणि तिच्यावरच्या तांब्याच्या बारीक रेषांतून एकमेकांशी बोलतात. तिच्यावर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर२०३२. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तो ३ व्होल्टचा असतो आणि संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. आपल्याकडे रात्री भिंतीचं बटण बंद करायची सवय आहे. ती चांगलीच आहे, पण त्यामुळे घड्याळाचा सगळा भार या सेलवर पडतो. तीन-पाच वर्षांत तो संपतो आणि लक्षणं विचित्र दिसतात. संगणक चालू होतो, इंटरनेटही असतं, पण बँकेची वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत उघडत नाही. कारण संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते आणि वेबसाइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला जन्मलेलंच नसतं. अशा वेळी लोक 'व्हायरस आला' म्हणून विंडोज नव्याने टाकून घेतात. कोपऱ्यातली तारीख बघा. ती रोज चुकत असेल तर सेल बदला, अधिकची खूण वर ठेवून. घड्याळाच्या किंवा खेळण्यांच्या दुकानातही तो सेल मिळतो.

प्रोसेसर हिशेब करतो. तुम्ही एक अक्षर टंकलं तरी ते कुठल्या फाँटमध्ये, कुठे दाखवायचं, याच्या हजारो छोट्या आज्ञा तो पार पाडतो. '३ गिगाहर्ट्झ' म्हणजे त्याच्या घड्याळाचे सेकंदाला ३०० कोटी ठोके. '४ कोअर' म्हणजे एकाच चिपमध्ये काम करणारे चौघे. तो स्वतः सहसा बिघडत नाही, पण तापतो. त्याच्यावर धातूची जाळी आणि पंखा असतो. चिप आणि जाळी यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो, कारण दोन धातू एकमेकांवर कितीही घट्ट बसवले तरी मध्ये हवेचे सूक्ष्म कण राहतात आणि हवा उष्णता नीट पुढे नेत नाही. काही वर्षांत ही पेस्ट वाळते. पंख्यात धूळही साचते. डिचोली-सांगेच्या बाजूला लाल धूळ, समुद्रकाठी मिठाच्या ओलाव्याने चिकट झालेली. मग चिप ९५-१०० अंशांपर्यंत तापते आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करते. 'सकाळी बरा चालतो, अर्ध्या तासाने हँग होतो' ही तक्रार ऐकली की आधी पंखा बघायचा.

पंखा साफ करताना पात्यांवर बोट धरून ठेवा आणि रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढा. ब्लोअरच्या वाऱ्याने पंखा मोकळा गरगर फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. पेस्ट नव्याने लावताना मधोमध मटाराच्या दाण्याएवढी पुरे. पोळीला तूप माखावं तशी माखू नका. जास्त झालेली पेस्ट बाजूने बाहेर येते आणि घाण करते.

रॅमपाशी जरा थांबू, कारण पावसाळ्यातल्या काळ्या स्क्रीनचं मूळ अनेकदा इथेच सापडतं.

रॅम म्हणजे कामाचं टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. फाइल उघडली की ती कपाटातून टेबलावर येते, प्रोसेसर टेबलावरच काम करतो, आणि 'सेव्ह' केलं की ती परत कपाटात जाते. लाइट गेली की टेबल पुसलं जातं, कपाटाला काही होत नाही. न सेव्ह केलेलं पत्र जातं आणि कालचं राहतं ते यामुळे. टेबल लहान असेल तर प्रोसेसर कितीही चपळ असला तरी तो सारखा कपाटाकडे पळत राहतो. आज साध्या कामासाठीही ८ जीबी रॅम असावी. ४ जीबीवर विंडोज ११ चढतं, पण ब्राउझरच्या पाच-सहा टॅब उघडल्या की कळ काढत बसावं लागतं.

रॅमची पट्टी मदरबोर्डावरच्या लांब खाचेत उभी बसते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांना २८८. मात्र मधली फट वेगळ्या जागी असल्यामुळे एक दुसरीच्या खाचेत बसत नाही, जबरदस्तीही करू नये. दातांवरचा सोन्याचा मुलामा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. सोनं गंजत नाही, पण त्यावर ओलावा, मीठ आणि धूळ यांचा पापुद्रा धरतो. २८८ पैकी एखादाच दात टेकला नाही तरी संगणक सुरूच होणार नाही असं होऊ शकतं, कारण चालू झाल्यावर तो सर्वांत आधी तपासतो त्यांत रॅम असते. काही संगणक बीप-बीप करून तसं सांगतात, नव्या काही बोर्डांवर 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा लागून राहतो. बीपची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, तेव्हा आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत ती बघून घ्या.

हे काम घरी करता येतं. संगणक बंद करा, भिंतीचं बटण बंद करा, मागची वायर काढा. मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या बिनरंगी पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. रॅमच्या खाचेच्या टोकाची चाप बाहेर ढकला (कुठे दोन्ही टोकांना असते, कुठे एकाच), पट्टी वर येते. तिला कडेने धरा, दातांना बोट लावू नका. बोटाचा घाम म्हणजे पुन्हा मीठच. शाळेतलं पांढरं, मऊ खोडरबर दातांवरून एकाच दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. शाई खोडायचं खरखरीत रबर नको, त्याने मुलामाच निघतो. रबराचा भुगा खाचेपासून लांब झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर रबरापेक्षा ते चांगलं: कापडाला लावा, पुसा, दोन मिनिटं वाळू द्या. खाचेतली धूळ कोरड्या ब्रशने काढा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात.

परत बसवताना फट जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ दाबा. 'टक्' असा आवाज येऊन चाप आपोआप मिटली पाहिजे. नवखे लोक इथे घाबरून कमी दाबतात आणि पट्टी अर्धवट राहते. दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून चालू करा, मग दुसरी लावून. एक पट्टी चालते आणि दुसरी कुठल्याच खाचेत चालत नाही, असं झालं तर ती पट्टी मेली. दोन्ही पट्ट्या एका खाचेत चालतात आणि दुसरीत नाही, असं झालं तर खाच खराब आहे. आता दुकानात गेलात तरी काय सांगायचं हे तुमच्याकडे असेल.

डिस्कबद्दल थोडक्यात. जुनी हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणारी चकती आणि तिच्यावर तरंगणारी सुई. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, सगळं चिपमध्ये. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दोनशे एमबी वाचते, साटा वायरीने जोडलेली एसएसडी साडेपाचशेपर्यंत, आणि थेट मदरबोर्डात बसणारी, च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई एसएसडी हजारोंच्या घरात. जुना संगणक 'स्लो' झालाय आणि त्यात अजून हार्ड डिस्कच आहे, तर पहिला खर्च एसएसडीवर करा. दुसऱ्या कुठल्याही भागावर घातलेल्या पैशाचा एवढा फरक दिसत नाही. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर फसवणूक झाली असं समजू नका. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. स्क्रीनवर अक्षरं येतात, पण 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश दिसतो, तेव्हा डिस्क किंवा तिची वायर. इथेही आधी वायर काढून परत लावा. आणि हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येऊ लागला तर त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

जुना संगणक विकत घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) लागतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा हवा. गोवा सरकारच्या विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या सायबरएज योजनेच्या काळातली पेटी घरात धूळ खात असेल तर तिच्यावर विंडोजऐवजी मोफत मिळणारं लिनक्स टाकून मुलांना उघडझाप शिकवायला ती उत्तम. बँकेच्या कामाला नको.

ग्राफिक कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी वेगळी पाटी, सगळ्यांना लागत नाही. ते असेल तर मॉनिटरची वायर कार्डाच्याच तोंडात लावायची, मदरबोर्डाच्या नाही. निम्म्या 'डिस्प्ले नाही' तक्रारी एवढ्यानेच संपाव्यात इतकी ही चूक सामान्य आहे.

आता ओलाव्याकडे. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, जी पावसाळ्यात आपल्याकडे रोजची आहे, तर दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. २७ अंशांहून थंड कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी जमणार. एसी २३ वर ठेवलेल्या खोलीतून लॅपटॉप उचलून थेट बाल्कनीत नेला की थंड पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसा तो आतून ओला होतो. तो बंद करून बॅगेत घाला, बॅग मिटलेली ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेला येऊ द्या, मगच उघडा. उलट, रोज चालणारा संगणक स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो. पावसात गंजतो तो झाकून ठेवलेला. प्लॅस्टिकच्या कव्हरात गुंडाळून चार महिने कोपऱ्यात ठेवणं सर्वांत वाईट, कारण आतला ओलावा बाहेरच पडत नाही. दोन-तीन दिवसांतून एकदा तासभर चालू ठेवा. भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून वर ठेवा. कॅबिनेटच्या मागे कार्डांसाठी असलेल्या मोकळ्या फटी बंद करा. तिथून पाल आणि मुंग्या आत शिरतात, आतलं ऊबदार कोरडं त्यांना आवडतं, आणि पाल दोन पिनांवर आडवी पडली की शॉर्ट होतो.

कौलारू जुन्या घरांत आणखी एक गोष्ट दिसते. अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात. एक फेजपासून अर्थकडे, दुसरा न्यूट्रलपासून अर्थकडे. अर्थिंग जोडलेलंच नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लटकतो आणि त्याच्यावर २३० च्या निम्मे, सुमारे ११५ व्होल्ट येतात. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या, पण त्याचा अर्थ एवढाच की तिसरी पिन कुठेही पोचलेली नाही. एसएमपीएसमध्ये खरोखर बिघाड झाला तर ती वीज तुमच्यातूनच जमिनीत जाईल. वायरमनला मल्टिमीटर लावून दाखवायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट. सॉकेटात अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून 'झालं काम' म्हणणारेही भेटतात. ते मुळीच करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली की संगणकाचा पत्रा, फ्रिज आणि वॉशिंग मशीन सगळ्यांवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. आपली जांभ्याची जमीन पाणी धरत नाही आणि कोरडी पडली की वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून मार्च ते मे अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं.

यूपीएस लाइट गेल्यावर काम सेव्ह करून संगणक नीट बंद करायला असतो, सिनेमा पुरा करायला नाही. घरगुती ६०० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअरच्या) यूपीएसवर सहसा ३६० वॉटच चालतात, आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते. गुणाकाराने ८४ वॉट-तास. १२० वॉटच्या भाराला कागदावर ही चाळीस मिनिटं झाली, पण झपाट्याने वीज ओढली की बॅटरी कमी देते आणि रूपांतरातही वीज जाते. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं धरा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. कागद तापवताना तो एकदम इतका भार घेतो की यूपीएस बसतो आणि संगणकही बरोबर जातो. दोन-तीन वर्षांत बॅटरी दुबळी होते. दर महिन्याला काम सेव्ह करून भिंतीचं बटण बंद करा आणि किती मिनिटं टिकतो ते बघा. प्लग ओढून तपासू नका, त्याने अर्थिंगही तुटतं.

पण विजा चमकायला लागल्या की उलटं: तेव्हा प्लगच ओढायचा. भिंतीचं बटण फक्त फेज तोडतं आणि तेही काही मिलिमीटरनेच, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. मे महिन्यात संध्याकाळी गडगडायला लागलं किंवा दसऱ्यानंतर परतीचा पाऊस आला, तर ढग लांब असतानाच संगणक बंद करून प्लग काढा, राउटरचा अडॅप्टर काढा आणि संगणकामागची इंटरनेटची तांब्याची वायरही. ती हमखास विसरते आणि मग बाकी सगळं शाबूत राहून नेटवर्कचं तोंड तेवढं जळतं. फायबरच्या काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, पण त्याच्या डब्याला वीज देणारा अडॅप्टर भिंतीतच असतो. टीव्हीला एचडीएमआयने संगणक जोडला असेल तर तीही वायर सोडवा, कारण छपरावरच्या डिशची केबल टीव्हीपर्यंत आलेली असते. वीज अगदी डोक्यावर आल्यावर मात्र यातल्या कशालाही हात लावू नका.